बर्फावरची काळी रेघ

घरोघरीच्या चुली : साप्ताहिक सदर
— गृहस्थ

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, कॅनडाच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यात माझ्या लेकीचे घर आहे. तेथे मुक्कामी असताना जानेवारीतल्या एका सकाळी खिडकीतून पाहतो तो, रात्रभर पडलेल्या गुडघाभर बर्फावर, अंगणाच्या टोकाच्या पत्र्याच्या खोपटापासून थेट घराच्या भिंतीपर्यंत, कोणी सूत धरून आखावी तशी एक सरळ रेघ उमटलेली, आणि त्या रेघेत बर्फ नाही, ओली काळी माती! मला त्या रेघेचे कौतुक वाटले. जावयांना मात्र तिच्यात आपले पैसे वितळताना दिसत होते. खोपटातल्या लाकडाच्या बॉयलरमधले ऊन पाणी ज्या नळांतून जमिनीखालून घरात येते, ते नळ घराच्या आधीच्या मालकाने काटकसर म्हणून फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुरले होते. त्यांत भूजल शिरले, आणि घराला द्यावयाची ऊब दरसाल हिवाळाभर अंगणातल्या गांडुळांना मिळू लागली.

त्याच राज्यात नुकतेच घर घेतलेल्या एका मराठी वाचकाने, असा लाकडाचा बॉयलर घ्यावा की नाही आणि घ्यावयाचा तर केवढा, अशी पृच्छा पत्राने केली आहे. दोन हिवाळे त्या खोपटाच्या सहवासात काढल्यामुळे उत्तर देण्याचा थोडासा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी समजतो.

ज्यांच्या न्हाणीघरात एके काळी तांब्याचा बंब होता त्यांना या यंत्राची रचना वेगळी समजावून देण्याचे कारण नाही. मधोमध विस्तव, सभोवार पाणी, खाली जाळी आणि राख, फरक आकाराचा. येथे विस्तवाच्या कोठडीत हात-दोन हात लांबीचे ओंडके मावतात, भोवतालच्या पोलादी आवरणात हजारभर लिटर पाणी असते, आणि ते पाणी पंपाच्या बळावर अहोरात्र घराकडे जाते, तेथे मोटारीच्या रेडिएटरसारख्या जाळीत आपली उष्णता घरातल्या हवेला देते, आणि निवून परत येते. आग घराबाहेर, लाकडाचा कचरा, साल आणि किडे घराबाहेर, राखही घराबाहेर. स्वतःचे चार एकर रान आहे आणि तेलाचे बिल दर हिवाळ्यात छातीत धडकी भरविते, अशा गृहस्थाला याचा मोह पडला तर त्यात नवल नाही.

परंतु बंबात आणि यात एक भेद आहे, आणि माझ्या मते सारा विषय त्या भेदात आहे. बंब पेटविणाऱ्याच्या डोळ्यांना धूर झोंबे. म्हणून तो ओले लाकूड बाहेर ओढी, फुंकणी घेई, ढलप्या वाळवून ठेवी. धूर हा चुलीचा जाब विचारणारा असतो. या बॉयलरने मालकाची त्या जाबातून सुटका केली, आणि जाब विचारण्याचे काम, कोणी न सोपविता, शेजाऱ्याकडे गेले.

धूर होतो तो असा. पाणी साधारण 80 अंश सेल्सिअसवर पोचले की हवेची झडप आपोआप मिटते, आणि कोठडीत ठासलेले लाकूड जळतही नाही, विझतही नाही, तासन्‌तास धुमसत राहते. सभोवार पाणी असल्याने पोलादी भिंती आगीच्या मानाने थंडच. तेव्हा न जळलेल्या वायूंचा काही भाग त्यांवर काळ्या चिकट क्रिओसोटच्या रूपाने बसतो, आणि उरलेला आखूड धुराड्यातून बाहेर पडून जमिनीलगत पसरतो. आता यंत्र घराच्या गरजेपेक्षा मोठे असेल तर पाणी लवकर तापणार, झडप अधिक काळ मिटलेली राहणार, म्हणजे धुमसणेही अधिक; आणि विक्रेता तर घराचे चौरस फूट विचारून झाल्यावर, “थोडा मोठाच घ्या, दिवसातून दोनदा लाकूड टाकले की झाले,” असा सल्ला हटकून देणार. हा सल्ला ऐकू नये. घराच्या भिंती, छत आणि खिडक्या यांतून कडाक्याच्या दिवशी ताशी किती उष्णता निघून जाते याचा हिशेब आधी जाणकाराकडून करवून घ्यावा, छतात रोधक भरून तो आकडा जमेल तितका खाली आणावा, आणि मगच त्या आकड्याला पुरेल एवढे यंत्र पाहावे.

नवी यंत्रे जुन्यांहून निःसंशय बरी आहेत. त्यांत दोन कप्पे असतात. वरच्या कप्प्यातल्या लाकडातून निघणारा वायू खालच्या, उष्णता सहन करणाऱ्या विटांच्या कप्प्यात ओढून तेथे प्रखर तापमानाला जाळला जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2015 साली अशा यंत्रांच्या धुराबाबत केलेल्या नियमांचा दुसरा टप्पा मे 2020 पासून अमलात आला, त्यामुळे आज नव्याने विकत मिळणारे यंत्र त्या नियमांच्या कसोटीला उतरलेलेच असले पाहिजे. न्यूयॉर्क राज्याने त्याआधीच, 2011 पासून, नव्या घरगुती बॉयलरला शेजाऱ्याच्या हद्दीपासून 100 फूट अंतर आणि जमिनीपासून निदान 18 फूट उंच धुराडे बंधनकारक केले. पण वारा पडलेल्या थंड रात्री दरीत धूर जेव्हा गोधडीसारखा पसरतो तेव्हा ते 100 फूट कागदावरच राहतात. शिवाय आपले यंत्र कसोटीला उतरले ते सुक्या लाकडावर, हे मालक सोयीस्करपणे विसरतो.

म्हणून पत्रलेखकांना माझे सांगणे असे की, बॉयलर पाहावयास दुकानात जाण्यापूर्वी स्वतःच्या अंगणात जाऊन लाकडाच्या रांगा पाहाव्यात. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते, आणि ते वाफ करून उडविण्यात जो विस्तव खर्ची पडतो तो घराच्या उपयोगाचा नाही. ओलावा 20 टक्क्यांवर यावयास हवा. फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळेल असे रचलेल्या ओकला त्यासाठी दोन उन्हाळे लागतात. तिकडे लाकूड कॉर्डने मोजतात; कॉर्ड म्हणजे 128 घनफूट, आपल्या वाळू-खडीच्या हिशेबाने सव्वा ब्रासाहून किंचित अधिक, आणि असे कित्येक कॉर्ड एका हिवाळ्यात जातात. त्या भागात हल्ली ॲशची झाडे पुष्कळ मेलेली सापडतात. 2002 साली मिशिगनमध्ये प्रथम आढळलेल्या एका हिरव्या किड्याने ती पोखरली आहेत. हे लाकूड ओकच्या मानाने लवकर जळण्याजोगे होते, परंतु उष्णतेचा संस्कार न केलेले सरपण 50 मैलांपलीकडे नेण्यास राज्यात मनाई आहे, आणि किड्याचा प्रवास सरपणाच्या ट्रकातूनच होतो हे ध्यानात घेता ही मनाई योग्यच म्हटली पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी एका वर्षाची. येथे ती दोन वर्षांची करावी लागते. ज्याच्या अंगणात आज पुढच्या हिवाळ्याचेही लाकूड रचलेले नाही, त्याने हे यंत्र घेऊ नये.

चालविण्याच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. घरातून परतणारे पाणी 60 अंशांखाली जाऊ देऊ नये, नाही तर कोठडीच्या भिंतींना घाम फुटतो आणि पोलाद आतून खाल्ले जाते. याकरिता मिश्रण करणारी झडप बसवितात, तिचा खर्च वाचवू नये. दुसरे, पंपाला वीज लागते. एका रात्री गारठलेल्या पावसाने तारा तुटल्या, आणि कोठडीत मणभर निखारे असूनही घर गार पडत चालले; जावई कपाळाला दिवा बांधून अंगणात जनरेटरची दोरी ओढत उभे, आणि मी खिडकीतून टॉर्च दाखवीत त्यांना नुसताच धीर देतो आहे, असा तो प्रसंग होता.

पूर्वेच्या बाजूस एक वृद्ध शेजारी राहतात. सारी हयात त्यांनी गाई पाळल्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त आमच्या बाजूची खिडकी बाराही महिने बंद असते. एका संध्याकाळी, पश्चिमेचा मंद वारा असताना, कोठडीत लाकूड भरून झडप मिटल्यावर मी लेकीची लोकरी शाल पांघरून त्या खिडकीखाली जाऊन पंधरा मिनिटे उभा राहिलो. परत आलो तेव्हा लेकीने दारातच शाल काढून घेतली, नाकाशी नेली, आणि ती घरात न आणता बाहेर ओसरीच्या कठड्यावर टाकून दिली.