दस्तऐवजातील नाव

गेल्या सत्रात छायाचित्रणाचा एक विद्यार्थी माझ्या तौलनिक साहित्याच्या वर्गात येऊन बसत असे. प्रवेशाच्या वेळी त्याच्या विभागाने 'वैयक्तिक पार्श्वभूमी' या मथळ्याखाली त्याच्याकडून इंग्रजीत एक पान लिहून घेतले होते. ते त्याने मला वाचावयास दिले. घर सोलापूरच्या पूर्व भागात. आजोबा तेलंगणातून हातमागाच्या आशेने आलेले पद्मशाली, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि आता परप्रांतात इंग्रजी. पानाच्या उत्तरार्धात डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीविषयीची त्याची भक्ती होती. मांडीवर सूप घेऊन तेंदूची पाने कापणारी आपली अम्मा आणि लँगची 'मायग्रंट मदर' यांच्यात त्याला एकच चेहरा दिसला होता.

मजकूर प्रामाणिक होता, याविषयी मला शंका नाही. तरीही तो वाचून मी अस्वस्थ झालो. पार्श्वभूमी हा आपल्या विद्यापीठांतून आता एक परवाना होऊ पाहत आहे. मी त्यांच्यातला आहे, म्हणून त्यांचे चित्र काढण्याचा मला अधिकार आहे, असा त्याचा सूर असतो. अर्ज मागविणाऱ्यांनाही तोच सूर हवा असतो, हे अर्जदार पोरे चटकन ओळखतात.

लँग स्वतः त्या मजुरांमधली नव्हती. सातव्या वर्षी पोलिओ होऊन तिचा एक पाय कायमचा अधू झाला, बाराव्या वर्षी वडील घर सोडून गेले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत श्रीमंत कुटुंबांच्या तसबिरी काढून तिने वर्षानुवर्षे पोट भरले. महामंदीच्या काळात ती स्टुडिओबाहेर पडली आणि मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, मटार तोडणाऱ्यांच्या तळावर, तिने ते प्रसिद्ध छायाचित्र घेतले. चित्राखालच्या ओळीत बाईचा धंदा आहे, दैन्य आहे, मुलांची संख्या आहे, वय आहे. नाव मात्र नाही, कारण लँगने ते विचारलेच नव्हते. ती बाई फ्लॉरेन्स थॉम्पसन, मूळची चेरोकी आदिवासी, हे जगाला कळावयास १९७८ साल उजाडले. त्या चित्रापासून आपल्याला काही मिळाले नाही, ही तिची तक्रारही तेव्हाच ऐकू आली.

येथे शब्दांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. 'डॉक्युमेंटरी' चित्रपटास मराठीने 'अनुबोधपट' असा शब्द योजला, म्हणजे त्यात बोध करणे आले. मूळ शब्दात आहे तो दस्तऐवज. ज्याने तहसील कचेरीची पायरी एकदा तरी चढली आहे त्याला ठाऊक असते, की पक्षकाराच्या नावावाचून दस्तऐवज होत नाही. लिहून देणार कोण आणि लिहून घेणार कोण, हे आधी लिहावे लागते. या कसोटीवर आपण पूजनीय मानलेली किती छायाचित्रे दस्तऐवज ठरतील? छायाचित्राचा दोष पुष्कळदा भिंगात नसतो, खालच्या ओळीत असतो, असे माझे मत आहे. आणि ती ओळ ही भाषेची कृती असल्यामुळे तिची जबाबदारी ललितकला विभागावर ढकलून आपणा साहित्याच्या अध्यापकांस मोकळे होता येणार नाही.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे घ्यावे. सुनील जाना हे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी. पूरणचंद जोशींच्या सांगण्यावरून अभ्यास सोडून कॅमेऱ्यासह दुष्काळी भागात गेले, आणि त्यांच्या चित्रांनी त्या उपासमारीला देशापुढे चेहरा दिला. त्याच दुष्काळात मिदनापूर हिंडलेल्या चित्तप्रसादांनी मात्र आपल्या रेखाटनांसोबत अनेकदा माणसाचे नाव आणि त्याची हकीकत नोंदविली. त्यांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. जानांच्या चित्रांची थोरवी मी कमी लेखत नाही, पण रेखाटनापाशी थांबून नाव ऐकून घेण्यास जो वेळ लागतो तो कॅमेऱ्याला लागत नाही, आणि हीच कॅमेऱ्याची अडचण आहे.

फ्लॉरेन्स थॉम्पसनचे नाव उघड झाले त्याच १९७८ साली मराठीत दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर सिद्धांत उभारण्याचे कारण नाही. पण ज्यांच्याविषयी इतरांनी लिहावे अशी रूढी होती त्यांनी स्वतः लेखणी घेतली, म्हणजे वाचकाला किती गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, हे मराठी वाचकाने त्या पुस्तकापासून अनुभवले आहे. छायाचित्राच्या बाबतीत तो अनुभव आपल्याला अद्याप पुरता आलेला नाही.

माझा विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत घरी गेला तो अम्माचे चित्र काढण्याचा निश्चय करूनच. तिने सूप मांडीवर घेऊन चित्र काढू देण्यास साफ नकार दिला. हजार विड्या भरेपर्यंत मला मान वर करावयास सवड नसते, ते तू रोज पाहत आलास, त्याचा फोटो कशाला, असे तिने विचारले. मग लग्नातले रेशमी लुगडे नेसून, केसांत फूल माळून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, आता काढ. त्याने काढले. परत आल्यावर ते चित्र त्याने अपयश म्हणून माझ्यापुढे ठेवले. विभागातील एका परीक्षकाने तर हे स्टुडिओतले चित्र आहे, डॉक्युमेंटरी नव्हे, असा शेराही मारला होता.

मी त्याला लँगच्या स्टुडिओची आठवण दिली. सॅन फ्रान्सिस्कोतील धनिक स्त्रियांना आपण कसे दिसावे हे ठरविण्याचा हक्क होता, कारण त्या पैसे मोजत. निपोमोच्या तळावर तो हक्क कोणालाच नव्हता. अम्माने तो हक्क सोलापूरच्या दारात उभे राहून, फुकट, बजावला. बारकाईने पाहिले तर त्या चित्रात रेशमी पदराखालून तंबाखूने पिवळी पडलेली बोटेही दिसतात. ती तिने लपविलेली नाहीत. परीक्षकाच्या नजरेतून ती सुटली असावीत.

चित्राखाली काय लिहावे यावर आमची दोन दुपारी चर्चा झाली. मी मराठी सुचविली, विभागाचा नियम इंग्रजीचा होता. अखेर त्याने घरी दूरध्वनी करून अम्मालाच विचारले. तिला तेलुगू अक्षर लावून वाचता येते, बाकीचे नाही. तेव्हा पहिली ओळ तेलुगूत लिहिली गेली. तीत तिचे नाव आहे, माहेरचे आणि सासरचे दोन्ही, आणि ती कोणत्या वर्षापासून विड्या वळते ते आहे. इंग्रजी ओळ तिच्याखाली, लहान अक्षरांत.