चौथं सप्तक, मेड इन यूएसए
पट्टी कोणती? / पेटीवाला

बदलापूर स्टेशनाबाहेर या आठवड्यात एक फलक लागलाय. कराओके मंडळाचा कार्यक्रम, फ्रेडी मर्क्युरीला मानवंदना, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘चार सप्तकांचा बादशहा’. मंडळाचं नाव घेत नाही, कारण तिकीट मीही काढलंय. पण ज्याने हे चौथं सप्तक छापलं, त्याने ते मोजलेलं नाही एवढं नक्की. उल्हासनगरच्या मालावरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद अंबरनाथ-बदलापूरच्या पोराला शाळेच्या आधी कळतो. इथेही तोच प्रकार. माल अस्सल, शिक्का खोटा.

मोजणाऱ्यांनी मोजून ठेवलंय. ख्रिस्तियन हर्बस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली फ्रेडीच्या आवाजावर शोधनिबंध छापला. उपलब्ध ध्वनिमुद्रणांत त्यांना जो पल्ला सापडला तो ३७ अर्धस्वरांचा. अगदी खालच्या काळी तीनपासून निघायचं, तीन सप्तकं चढायची आणि वर आणखी एक अर्धस्वर, की आली पांढरी पाच. चार सप्तकांचा दावा त्यांना सिद्धही करता आला नाही, खोडताही आला नाही. आता घरातली पेटी काढा. सव्वातीन सप्तकांची, ३९ पट्ट्यांची. फ्रेडीचा हा सगळा पल्ला ३८ पट्ट्यांत बसतो, एक शिल्लक राहते. चार सप्तकांना ४९ पट्ट्या लागतात. फलकवाल्यांनी बाकीच्या अकरा कुठून आणल्या ते त्यांनाच ठाऊक.

पण माझं भांडण आकड्याशी नाही. पल्ला हा सगळ्या गाण्यांची बेरीज असतो, आणि बेरीज कुणी गात नाही. गाणं एकेकटंच गावं लागतं. त्यात माणूस कुठवर गेला आणि कुठे थांबला, हे बघायला हवं.

त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. फ्रेडीच्या मुलाखतींवरून त्याच्या बोलण्याचा सूर काढला तो ११७ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे जवळजवळ खालची काळी पाच. जग ज्याला टेनर समजतं तो गडी बहुधा बॅरिटोन होता, ढाल्या आवाजाचा. आता १९७५ ची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावा. गाण्याची पट्टीच काळी पाच. आणि त्यात फ्रेडी स्वतः सर्वांत वर जातो तो सूर कोणता? पुन्हा काळी पाच, बोलण्याच्या सुराच्या बरोबर दोन सप्तकं वर. तिथे तो थांबतो. ऑपेरावाला भाग संपता संपता कानात घुसणारा जो टिपेचा सूर आहे, तो त्याच्याही वरच्या काळी पाचचा, आणि तो फ्रेडीचा नाहीच. तो लावलाय ड्रमवर बसणाऱ्या रॉजर टेलरने. क्वीन या त्यांच्या बँडमध्ये असा सूर काढणारा माणूस होता म्हणून फ्रेडीने तो त्याच्याकडे सोपवला. स्वतःच्याच गाण्यात सर्वांत वरचा सूर दुसऱ्याला देणारा गायक आपल्या कराओके मंडळांत दाखवा, मी हार घेऊन येतो.

याच्या शेजारी १९७९ चं ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ ठेवा. म्युनिकच्या हॉटेलात, आंघोळीच्या टबात सुचलेलं गाणं, ढंग एल्व्हिसचा. इथे आवाज खाली उतरून बोलण्याच्या जवळ येतो. दम दाखवणं नाही, किंचाळणं नाही. शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकायचा आणि हसत पुढे जायचं. मला विचाराल तर फ्रेडी कोण होता ते ‘ऱ्हॅप्सडी’पेक्षा इथे जास्त कळतं. मंडळाच्या यादीत हे गाणं नाही. कसं असेल? यात टाळ्यांची जागा कुठे येते हेच कुणाला सापडत नाही.

आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’. रेकॉर्डवर तारसप्तकातली पांढरी एक आहे. स्टेजवर मात्र तो ती बहुतेक वेळा टाळायचा, खालून घ्यायचा. स्वरतंतूंवर गाठी होत्या, रोज रात्री कार्यक्रम. १९८५ च्या जुलैत वेम्ब्लीवर याच गाण्याने त्यांनी निरोप घेतला, तेव्हा कुणी पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

हा हिशेबीपणा आला कुठून? माझं उत्तर ठरलेलं आहे, पुरावा मागू नका. हा मुलगा आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्समध्ये वाढला. १९५८ साली तिथल्या पोरांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात हा पियानोवर होता, मुख्य गायक दुसराच. पट्ट्यांवर बोटं ठेवून दुसऱ्याचं गाणं सांभाळलेल्या माणसाला आवाजाचं माप कळतं. टीव्हीवरच्या स्पर्धांचे परीक्षक ‘काय रेंज आहे!’ म्हणत उभे राहतात, त्यांना एकदा पेटीसमोर बसवलं पाहिजे. आमच्या बदलापूर लोकलच्या भजनी मंडळातले बुवा पाहा. गाडीच्या खडखडाटात उंच पट्टी लावतात, पण दीड सप्तकात दादरपर्यंत न बसता गातात. ना माईक, ना इको.

इकोबद्दल इथे पूर्वी लिहिलं तेव्हा उल्हासनगरच्या एका दुकानदाराने मला ऐकवलं होतं, ‘साहेब, इको काढला तर मशीन कोण घेणार?’ खरंय त्याचं. तरीही कराओके गाणाऱ्या सगळ्या भावा-बहिणींना विनंती आहे. मशीनवर पट्टी खाली करायचं बटण असतं. ते दोन-तीन घरं उतरवा, इको शून्यावर आणा आणि ‘क्रेझी लिटल थिंग’ म्हणून बघा.