रुग्ण वऱ्हाडचे, संशोधक कुठले?

महाराष्ट्रातील कर्करोग-संशोधन मुंबई, पुणे आणि काही अंशी नागपूर एवढ्याच ठिकाणी एकवटले आहे, आणि ते करणाऱ्या तरुण वैज्ञानिकांत खेड्यांतून, दलित-आदिवासी-भटक्या समाजांतून किंवा पदवीचे तोंड प्रथमच पाहणाऱ्या घरांतून आलेले फार थोडे आढळतात. अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा मेळघाटच्या पायथ्याशी काय, घरात कर्करोगाचे निदान झाले की मुंबईला ‘टाटा’ रुग्णालयात न्यायचे की नागपूरला ‘तुकडोजी’ कर्करोग रुग्णालयात, हा बहुधा पहिला प्रश्न असतो. सुमारे 600 किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून रुग्ण मुंबईला पोचतो आणि त्याच्या आजाराची माहिती विज्ञानाच्या खाती जमा होते. परंतु त्या माहितीला प्रश्न विचारणारा संशोधक त्याच वाटेने तेथवर जाईल आणि पुढे परतही येईल, अशी तजवीज राज्याने नीटपणे केलेली नाही.

याचा परिणाम विज्ञानावरही होतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लोकसंख्याधारित नोंदणी, म्हणजे विशिष्ट भूभागातील प्रत्येक नव्या कर्करुग्णाची नोंद ठेवणारी यंत्रणा, देशभरातील 28 ठिकाणची होती. त्यात विदर्भातून नागपूर आणि वर्धा होते, अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांपैकी एकही नव्हता. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून होणारा खर्रा विदर्भात पानठेल्या-पानठेल्यावर मिळतो, आणि त्यातील सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, तेव्हा चर्चा झाली ती तात्कालिक मृत्यूंची. तीच रसायने वर्षानुवर्षे थोडी थोडी अंगावर घेणाऱ्यांचे पुढे काय होते, किंवा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील पाण्याचा दीर्घकाळात शरीरावर काय परिणाम होतो, हे विचारण्याची निकड ज्याच्या घरात फवारणीचा पंप आणि ज्याच्या विहिरीत ते पाणी आहे, त्याला अधिक असणार.

स्थानिक पाया असला की काय साधते, हे बार्शीने दाखवून दिले आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये तेथे सुरू झाली, आणि तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या चाचणीने, एचपीव्ही विषाणूची एकच तपासणीदेखील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे 2009 मध्ये जगापुढे ठेवले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत बार्शीच्या डॉक्टरांची नावे आहेत.

कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांची कारकीर्द या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशीअनुवंशशास्त्रावर, म्हणजे पेशीतील गुणसूत्रांच्या अभ्यासावर, एम.एस्सी. करून त्या मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्याकडे आल्या, 1949 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि खानोलकरांच्याच प्रोत्साहनाने त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पात्रात पेशी वाढवण्याचे, तंत्र शिकून आल्या. मुंबईत अशी देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी शंकाच नाही. परंतु त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते आणि तरुण वयात त्यांना खानोलकर भेटले, हेही तितकेच खरे. कृषी विद्यापीठ अकोल्यातही आहे. तेथे गुणसूत्रे पाहण्यात हात बसलेल्या मुलीला घरी प्राध्यापक वडील नसतील, तर त्यांची जागा अनुदानाने आणि मार्गदर्शकाने भरून काढावी लागते. रणदिवे यांनी स्वतः हे ओळखले होते. त्यांच्या पुढाकाराने 1973 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. संशोधक स्त्रीच्या गरजा जाहीरनाम्यांपेक्षा त्या दोन सोयींतून अधिक कळतात.

राज्याचे वर्तन याच्या उलट आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या तीन संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात आणि त्यांमुळे शेकडो घरांत पहिला संशोधक घडला, हे नाकारता येणार नाही. परंतु डिसेंबर 2023 मध्ये या तिन्हींसाठी झालेली सामाईक परीक्षा, 2019 च्या सेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेचीच प्रश्नपत्रिका हाती पडल्याने, रद्द करावी लागली. त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला. आणि अधिछात्रवृत्तीच्या पूर्ण रकमेसाठी विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागले. केंद्राने जानेवारी 2023 पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा 31,000 वरून 37,000 रुपये केली, पण खात्यात वेळेवर न येणारी रक्कम कितीही असली तरी प्रयोगशाळेच्या कामाची नाही. कर्करोगाच्या पेशी उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवतात. तो सतत उडून जात असतो आणि पुन्हा भरावा लागतो, न भरल्यास काही आठवड्यांत वर्षभराचा पेशीसाठा मातीमोल होतो. इतिहासाच्या संशोधकाची कागदपत्रे सहा महिने थांबू शकतात, पेशी थांबत नाहीत. मंत्रालयातील फायलीला हा फरक ठाऊक नसावा.

पीएच.डी.नंतरची वाट तर याहून बिकट आहे. पदवी हाती येते तेव्हा वय तिशीला टेकलेले असते, घरचे कर्ज डोक्यावर असते, आणि गावाजवळच्या महाविद्यालयात मिळते ते तासिका तत्त्वावरचे काम, ज्यात ना संशोधनाला वेळ, ना रसायनांना पैसा. केंद्राने अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती 2022 मध्ये बंद केली. अमेरिकेतही वैविध्यासाठीची अनेक अनुदाने 2025 मध्ये रद्द झाली. मात्र शिक्षण आणि प्रकाशने जमेस धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता श्वेतवर्णीयांपेक्षा 10 टक्के-बिंदूंनी कमी आहे, हे 2011 मध्ये तपासून छापण्याचा प्रामाणिकपणा त्या देशाने निदान दाखवला होता.

महागडी उपकरणे थोड्याच केंद्रांत असावीत, हा आक्षेप रास्त आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात ‘टाटा’च्या खारघर येथील संशोधन केंद्रासारखे केंद्र कोणी मागतही नाही. मागणी आहे ती पीएच.डी.नंतर पाच वर्षे पुरेल अशा अनुदानाची, ज्यात संशोधकाने काही काळ मोठ्या केंद्रात काम करावे आणि उरलेला काळ अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अमरावती विद्यापीठात. मार्गदर्शकालाही त्यासाठी बांधून घ्यावे आणि रक्कम आगाऊ द्यावी. अमरावती विभागाची कर्करोग नोंदणी हे अशा पहिल्या तुकडीला देण्याजोगे काम आहे, कारण त्यासाठी यंत्रांपेक्षा गावोगावच्या दवाखान्यांत आणि स्मशानभूमीच्या नोंदवह्यांत डोकावणारी, वऱ्हाडी समजणारी माणसे लागतात. मार्चच्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद करताना तिन्ही संस्थांची थकबाकी किती आणि आजवरचा संशोधन निधी कोणत्या जिल्ह्यांत गेला, याचे आकडे सरकारने सभागृहापुढे ठेवावेत.