डेसिबल खरे, पण कुणाचे?

गणपतीची मिरवणूक निघाली की मोबाइलवर स्क्रीनशॉट फिरायला लागतात. "आमच्या गल्लीत १०८ डेसिबल!" चीड रास्त आहे, पण माझं मत जरा कडू आहे: कॅलिब्रेट न केलेल्या माइकचा आकडा म्हणजे "माझ्या मशीनवर तर चालतंय" छापाचा पुरावा.

माइक तपासायचं एक जुनं, सुंदर यंत्र म्हणजे पिस्टनफोन. एक छोटीशी बंद पोकळी, एका टोकाला माइक आणि आत पुढेमागे सरकणारा पिस्टन. पिस्टन किती सरकतो आणि पोकळी केवढी हे माहीत असलं की आतला दाब चक्क गणिताने काढता येतो. नेहमीचा पिस्टनफोन २५० हर्ट्झला सुमारे १२४ डेसिबल देतो. पण हवेचा दाब बदलला की तोही बदलतो. महाबळेश्वरच्या उंचीवर आकडा जवळपास दीड डेसिबलने कमी भरतो, म्हणून सोबत बॅरोमीटर लागतो.

खरी गंमत त्याहून खालच्या फ्रीक्वेन्सीला. पिस्टन अगदी सावकाश हलवला तर हवेतली उष्णता भिंतीत जायला वेळ मिळतो आणि दाब ३ डेसिबलपर्यंत घसरू शकतो. कुठे फट राहिली तर आणखी. प्रयोगशाळेत ही कथा, मग आपल्या फोनचं काय घेऊन बसलात! त्याचा माइक बोलणं टिपायला बनवलाय. वाऱ्याची घरघर नको म्हणून खालचे आवाज बऱ्याचदा मुद्दाम कापलेले असतात.

आणि डीजेचा त्रास नेमका तिथेच असतो. आपले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम 'ए' मापात आहेत. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल. हे माप ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा करतं. खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि आकडा मात्र सभ्य दिसतो! 'सी' माप त्याच जागी एक डेसिबलही कापत नाही.

"काहीच नसण्यापेक्षा ॲप बरं" असं कुणी म्हणेल. शंका यायला बरं, भांडायला नाही. समोरचा वकील पहिला प्रश्न मीटरबद्दलच विचारणार, आणि एका कच्च्या आकड्यापायी खरी तक्रार बुडणार. म्हणून सोसायटीने आग्रह धरावा तो एवढाच: मोजणीच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेशनची नोंद, आणि 'ए'च्या शेजारी 'सी'चा आकडा.

किराणावाल्याच्या काट्यावर आपण शिक्का बघतो ना? मग झोपेच्या मापाला का नको?