पाटीवरची 'सुधारणा'

तुरुंगाला तुरुंग म्हणणे अमेरिकेला फार पूर्वीच जड जाऊ लागले. तेथील तुरुंग अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५४ मध्ये आपल्या नावातील 'प्रिझन' हा शब्द काढून 'करेक्शनल' हा शब्द घातला. करेक्शन म्हणजे सुधारणा! आज तेथील अनेक कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या माफक खर्चाच्या स्थानिक महाविद्यालयांत, 'करेक्शन्स' हा रीतसर अभ्यासविषय आहे. दंडशास्त्र, कैद्यांचे अधिकार, प्रोबेशन, पॅरोल, अहवाललेखन हे सारे शिकून सामान्य घरातील मुले-मुली तुरुंगसेवेत शिरतात. १९६८ च्या गुन्हेनियंत्रण कायद्यानंतर अशा शिक्षणासाठी केंद्र सरकारने कर्जे आणि अनुदानेही दिली.

यात वावगे काहीच नाही. ज्याच्या हाती माणसांच्या कोठडीची किल्ली द्यायची, तो शिकलेलाच हवा. नॉर्वेत तर तुरुंगरक्षकाला वेतन देऊन दोन वर्षे शिकवतात. आमचा आक्षेप वेगळाच आहे. ज्याला सुधारायचे, त्या कैद्याच्या शिक्षणाचे काय?

१९९४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारे 'पेल' अनुदान बंद केले. त्या योजनेतील एक टक्काही रक्कम कैद्यांवर खर्च होत नव्हती! तरीही मतांच्या बाजारात कठोरपणाला भाव होता. परिणामी तुरुंगांतील बहुतेक महाविद्यालयीन वर्ग ओस पडले. २०१५ मधील मर्यादित प्रयोग सोडला, तर हे दार पुन्हा उघडायला जुलै २०२३ उजाडावा लागला. एकोणतीस वर्षे रक्षकाला 'सुधारणे'ची पदवी आणि कैद्याला बंद पुस्तक! याला सुधारणा म्हणायचे की सुधारणेची थट्टा?

गुन्हेगारांचे लाड कशाला, असे विचारणाऱ्यांनी हिशेब तरी पाहावा. रँड या संशोधन संस्थेच्या २०१३ मधील अहवालानुसार, तुरुंगात शिक्षण घेतलेले कैदी पुन्हा तुरुंगात परतण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी असते. शिक्षणावरील एक डॉलर तीन वर्षांत तुरुंगखर्चातील चार ते पाच डॉलर वाचवतो. हे लाड नव्हेत. ही समाजाची सुरक्षितता आहे आणि करदात्याची बचतही.

आपल्याकडेही ही पाटी आली आहे. महाराष्ट्राचा तुरुंग विभाग आता 'कारागृह व सुधारसेवा' म्हणवतो. अधिकाऱ्यांसाठी येरवड्याला प्रशिक्षण महाविद्यालय आहे. मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे काही कारागृहांत चालतात. ही परंपरा जपली आणि वाढवली पाहिजे. पण देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही, हेही विसरता कामा नये. ज्याचा दोषच ठरलेला नाही, त्याला आपण कशातून 'सुधारणार' आहोत?

पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. माणूस घडवायला वर्ग, ग्रंथ आणि शिक्षक लागतात. तेही गजांच्या दोन्ही बाजूंना.