परत न गेलेली डबी चेहऱ्यावर जाते

टीव्हीवर पाहून मागवलेली गोरेपणाची क्रीम फसवी निघाली की घरात चर्चा होते ती गेलेल्या पैशांची. हजार गेले, बाराशे गेले; 'पुन्हा असले उद्योग करू नकोस' असे कोणीतरी सुनावते आणि विषय मिटतो. आमच्या मते खरा धोका त्यानंतर सुरू होतो. कारण डबी परत गेलेली नसते. ती आरशाजवळच्या फळीवरच असते. ज्या घरात रुपया मोजून खर्च होतो, त्या घरात बाराशेची वस्तू कोणी उकिरड्यावर टाकत नाही. 'पैसे तर गेलेच, निदान लावून तरी बघू' असे म्हणून ती चेहऱ्यावर लावली जाते. कधी आई लावते, कधी कॉलेजात जाणारी मुलगी. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

ही विक्री कशी होते ते वस्तीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दुपारी घरकाम उरकून बाई जरा टेकते, त्याच वेळी या जाहिराती लागतात. एक सावळी मुलगी उदास बसलेली, मग डबी, मग तीच मुलगी उजळ चेहऱ्याने हसणारी. बाजूला घड्याळ उलटे धावते. 'फक्त पहिल्या शंभर फोनला सवलत', 'एकावर एक मोफत', 'आवडले नाही तर पैसे परत'. खालच्या नंबरावर मिस्ड कॉल दिला की पाच मिनिटांत गोड आवाजात फोन येतो. नाव, पत्ता, पिनकोड घेतात आणि 'ताई, पैसे पार्सल आल्यावरच द्या' असे सांगतात. मागवायला एवढे सोपे.

आता तीच ऑर्डर रद्द करून पाहा. ज्या नंबरावरून पाच मिनिटांत फोन आला होता, तिथे आता गाणे वाजते. लागलाच तर उत्तर मिळते, 'तुमचा माल निघाला आहे, आता रद्द होत नाही.' पार्सल येते तेव्हा घरात सासू असते किंवा शाळेतून आलेला मुलगा. शेजारणीकडून उसने घेऊन पैसे दिले जातात. कुरिअरवाला म्हणतो, 'आधी पैसे, मग पार्सल उघडा.' उघडले तर डबी जाहिरातीतली नसते, नाहीतर 'मोफत' दुसरी डबी गायब असते. बिलही नसते. परत द्यायचे म्हटले की नवे नियम निघतात. सील तुटले म्हणून घेत नाही. सात दिवस उलटले म्हणून घेत नाही. तुमच्या खर्चाने कुरिअरने पाठवा, मग बघू. म्हणजे उघडल्याशिवाय माल कळत नाही आणि उघडला की परत घेत नाहीत. 'आवडले नाही तर पैसे परत' या वाक्याचा अर्थ एवढाच उरतो.

त्या डबीत काय असू शकते, ते आता पाहू.

पहिला धोका पाऱ्याचा. त्वचेला रंग देणारे द्रव्य शरीरात तयार होते, ती क्रिया पारा अडवतो. त्यामुळे चेहरा काही दिवसांत उजळ दिसू लागतो आणि बाईला वाटते, 'क्रीम खरीच आहे.' पण पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ साली बाजारातल्या ३२ गोरेपणाच्या क्रीम तपासल्या, तेव्हा १४ क्रीममध्ये पारा आढळला. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच राज्यातल्या अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या तिघी जणी पार्लरमधून आणलेली क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडाला त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली, तर पारा मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या गाळणीच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये या आजाराचा एक विशिष्ट प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. या क्रीम टीव्हीवरूनच घेतल्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. मुद्दा एवढाच की कुठून आली, कोणी बनवली याचा पत्ता नसलेली डबी कशी निघेल ते कोणी सांगू शकत नाही.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे त्वचारोगाची आहेत. ती डॉक्टरने सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवसच लावायची. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात भाजल्यासारखी जळते, पुरळ येते, बायकांच्या चेहऱ्यावर केस वाढतात. क्रीम बंद केली की त्रास उसळतो, म्हणून बाई पुन्हा तीच क्रीम लावते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले. मग ती 'आयुर्वेदिक', 'हर्बल' अशा नावाच्या डबीतून लपून घरात आली तर कोणती चिठ्ठी आणि कोणता डॉक्टर?

एवढे सगळे असूनही तक्रार का होत नाही? आमच्या पाहण्यात याचे मुख्य कारण लाज आहे. मागवणाऱ्या बाईलाच सगळे बोल लावतात. नवरा म्हणतो, 'कोणी सांगितले होते?' शिकलेली भाची म्हणते, 'इतके कसे कळत नाही?' मग बाई गप्प बसते, पार्सलचा कागद फाडून टाकते आणि पुढच्या वेळी कोणाला न सांगता मागवते. विकणाऱ्याचा धंदा याच गप्प बसण्यावर चालतो. बाराशे रुपयांसाठी गरिबाघरची बाई कुठे कोर्टात जाणार, हा त्याचा हिशेब असतो.

आणि तिला क्रीम मागवावीशी का वाटली, हेही आपण विचारले पाहिजे. स्थळे पाहताना आपल्या समाजातल्या बायोडेटातही 'वर्ण : गोरा', 'वर्ण : निमगोरा' लिहिलेले असते. सावळ्या मुलीच्या घरचे 'गव्हाळ' लिहून वेळ मारून नेतात. ज्या समाजाने जन्मावरून माणसाची किंमत करणे नाकारले, त्याने कातडीच्या रंगावरून आपल्याच लेकीची किंमत करावी, हे आम्हाला पटत नाही. जाहिरातवाला ही कमतरता शोधून काढत नाही. ती आपणच मुलीच्या मनात भरलेली असते, तो फक्त तिचे पैसे करतो. तेव्हा बोल लावायचा तर आधी विकणाऱ्याला, मग आपल्या बघण्याच्या दृष्टीला, बाईला नव्हे.

आता कायद्याचे. कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरला जात नाही एवढेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. टीव्हीवरून होणारी खरेदी, म्हणजे टेलिशॉपिंग, या कायद्यात नाव घेऊन घातली आहे. म्हणून 'फोनवरच्या खरेदीला काही लागू होत नाही' असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घ्यायला आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत द्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. कंपनी दिल्लीची असो की आणखी कुठली, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही, आपले म्हणणे आपण मांडू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे.

तक्रारींचा उपयोग होतो का? होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नापतोल या टेलिशॉपिंग कंपनीला दागिने, गुडघ्याचा पट्टा, अॅक्युप्रेशरच्या चपला यांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल दहा लाखांचा दंड केला. कार्यक्रम आधीच चित्रित केलेला आहे हे पडद्यावर सांगा आणि 'आजच मिळेल' अशी खोटी टंचाई दाखवणे बंद करा, असेही बजावले. या कारवाईमागे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर लोकांनी नोंदवलेल्या शेकडो तक्रारी होत्या. दिल्लीत एका ग्राहकाने २०१३ मध्ये ७९ रुपयांना घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमबद्दल दावा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या जिल्हा आयोगाने त्या कंपनीला साडेचौदा लाख रुपये भरायचा आदेश दिला. अकरा वर्षे फार झाली हे खरे. पण ७९ रुपयांची तक्रारही क्षुल्लक मानली गेली नाही, हे आपल्या बायकांना कळायला हवे.

तरीही एवढ्यावर आमचे समाधान नाही. अंगाला लावायच्या वस्तूंसाठी नियम अधिक कडक हवेत. जितक्या सहज ऑर्डर घेतली जाते तितक्याच सहज, त्याच नंबरावर, ती रद्द झाली पाहिजे. पार्सल उघडून पाहिल्यावर पैसे देण्याचा हक्क मिळाला पाहिजे. आणि जी वाहिनी तासभर ही जाहिरात दाखवून पैसे घेते, तिने 'आमचा संबंध नाही' अशी पट्टी खाली सरकवून हात झटकता कामा नयेत.

नियम होतील तेव्हा होतील. तोपर्यंत घरात एवढे करावे :

१. ऑर्डर दिली आणि मन बदलले तर पार्सल घेऊच नये. 'नको, परत न्या' असे सांगावे. पैसे हातातून जाण्याआधी रद्द करण्याचा हाच सर्वात सोपा मार्ग आहे. घरातल्या सगळ्यांना तसे सांगून ठेवावे.

२. घेतलेच तर मोबाइलवर चित्रण करत उघडावे. पार्सलवरची चिठ्ठी, पैसे दिल्याचा कागद, डबी, खोका यातले काही फेकू नये.

३. डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि छापील किंमत हे सगळे हवे. यातले काही नसेल तर ती क्रीम लावू नये. 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' किंवा वर सांगितलेल्या स्टिरॉइडचे नाव दिसले तरीही लावू नये. घटकांची यादीच नसेल तर आणखी सावध व्हावे.

४. कंपनीला फोन करून थांबू नये. मेसेज किंवा ईमेल करावा, म्हणजे लेखी पुरावा राहतो. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. मराठीतही बोलता येते. मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा. क्रीमने त्रास झाला असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही लेखी तक्रार द्यावी.

५. 'तुमचे पैसे परत करतो, ओटीपी सांगा', 'हा कोड स्कॅन करा', 'तुम्हाला गाडी लागली आहे' असे फोन ऑर्डरनंतर येऊ लागतात. पैसे मिळवायला ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा.

६. अशी क्रीम लावत असाल आणि पाय किंवा तोंड सुजत असेल, लघवीला फेस येत असेल, तर क्रीम बंद करून सरकारी दवाखान्यात लघवीची तपासणी करून घ्यावी. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने तर थांबूच नये. बाळाला जवळ घेताना आईच्या चेहऱ्यावरची क्रीम त्यालाही लागते. चेहरा लाल पडून जळत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना डबी बरोबर न्यावी, लाजू नये.

एकट्या बाईला हे जमणार नाही असे वाटत असेल, तर चार जणींनी मिळून करावे. रविवारी विहारात महिला मंडळ जमते. तिथे महिन्यातून एकदा अर्धा तास या कामाला द्यावा. ज्यांच्या घरी अशी डबी पडून आहे त्यांनी ती घेऊन यावी. ज्या मुलीला लिहिता-बोलता येते तिने तक्रार नोंदवून द्यावी. एका बाईचे बाराशे रुपये विकणारा विसरून जाईल. एका वस्तीतून वीस तक्रारी गेल्या तर त्याला विसरता येणार नाही. आणि पैसे परत मिळायला वेळ लागला, तरी एक काम आजच होण्यासारखे आहे. ती डबी आरशाजवळून काढून, पिशवीत बांधून, पुरावा म्हणून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. पैसे बुडाले तरी चेहरा आणि मूत्रपिंड शाबूत राहिले पाहिजेत.