परदेशी पालकत्व आटले. मुलांचा खर्च कोणाकडे?

छत्तीसगडमध्ये रायपूर आणि भिलाई या दोन शहरांच्या दरम्यान कुम्हारी ही औद्योगिक वस्ती आहे. तेथील कारखान्यातील कंत्राटी कामगाराला किमान वेतन मिळत असेल, तर त्याचे मूल केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’मधील प्रायोजकत्व साहाय्यास पात्र ठरत नाही. या योजनेत मुलामागे दरमहा ४००० रुपये दिले जातात. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न शहरी भागात ९६ हजार आणि ग्रामीण भागात ७२ हजार रुपयांहून अधिक नसावे, अशी अट आहे. शिवाय आई विधवा किंवा परित्यक्ता असणे, मूल अनाथ असणे, पालकांना जीवघेणा आजार जडणे, अशी एखादी आपत्तीही ओढवलेली असावी लागते. नुसते दारिद्र्य पुरेसे नाही.

देशभरातील अशाच मुलांच्या शिक्षणाचा काही भार अनेक वर्षे परदेशी देणगीदारांनी उचलला. अमेरिकेतील ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ ही त्यांतील मोठी संस्था. तिचा देणगीदार एका मुलासाठी दरमहा ३८ डॉलर देत असे. २०१६ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या संस्थेच्या निधीसाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. नोंदणी नसलेल्या संस्थांमार्फत हा पैसा धर्मांतराकडे वळतो, असा आक्षेप होता; संस्थेने तो फेटाळला. मार्च २०१७ मध्ये तिने भारतातील काम थांबवले, तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार मुले तिच्या यादीत होती.

त्यानंतर २०२० मध्ये परदेशी अंशदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. यांपैकी पहिली तरतूद अधिक परिणामकारक ठरली, कारण मोठ्या संस्थेने निधी मिळवायचा आणि गावातील लहान संस्थेने तो मुलांपर्यंत पोहोचवायचा, हीच या कामाची रीत होती. परदेशी देणगी मिळवणे हा निरपवाद हक्क नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे खर्च देण्याचे वचन दिले आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही राहिलेल्या मुलींचे शिक्षण चालू राहिले, कारण पैशाची मुदत आधीच ठरलेली होती. महिन्यागणिक येणाऱ्या देणगीत ही निश्चिती नसते.

परदेशी पैशाचा हिशेब मागणे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु आक्षेप संस्थेच्या व्यवहारावर होता आणि मदत मुलांची थांबली. ती जागा देशांतर्गत योजनांनी कितपत भरली? आठवीत परीक्षा घेऊन दिली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये देते. तिचे उत्पन्नाचे निकषही साडेतीन लाखांपर्यंत सैल आहेत. मात्र देशभरात दरवर्षी एक लाखच नव्या शिष्यवृत्त्या आहेत आणि आठवीपूर्वी शाळा सुटलेल्यास तिचा उपयोग नाही.

शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवरील मुलांसाठी छत्तीसगडने २०१९ मध्ये ही सवलत बारावीपर्यंत वाढवली, हे उल्लेखनीय. महाराष्ट्रात ती आठवीपर्यंतच आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये मिळतात, पण तेथेही पात्रतेसाठी कुटुंबावर संकट कोसळलेले असणे आवश्यक आहे. आईवडील दोघेही धडधाकट आणि कामावर जाणारे असलेल्या कुम्हारीतील कामगाराच्या मुलासाठी ‘मिशन वात्सल्य’ची दरमहा आठ हजारांची उत्पन्नमर्यादा कायम आहे.